पट्टीवरची खूण

बाजारात माल स्वतः बोलतो, असे म्हणण्याची रीत आहे. ते खरेही आहे. परंतु माल बोलू लागण्यापूर्वी गिऱ्हाइकाने तो हातात घ्यावा लागतो, आणि हातात घ्यावा की न घ्यावा हे त्याच्या दर्शनी रूपावरून ठरते. कापडाचा तागा कसा उलगडावा, पितळेची कळशी कोणत्या अंगाने पुढे करावी, हे पेढीवर वाढलेल्या मुलास वेगळे शिकवावे लागत नाही. ज्याचे दिवस वस्तू दुरुस्त करण्यात जातात त्याला मात्र ही गोष्ट उशिरा कळते. आणि दर्शनी रूप हा गिऱ्हाइकाला दिलेला एक लेखी जबाब असतो, ही त्यापुढची गोष्ट तर पेढीवरच्या माणसालाही कधी कधी नव्याने शिकावी लागते. आंबेगाव तालुक्यातील डिंभे येथील ही हकीकत या दोन्ही शिकवणींची आहे.

मंचरहून घोडेगाव, शिनोली या मार्गाने भीमाशंकरकडे जाताना डिंभे लागते. घोड नदीवरचे येथील धरण हे कुकडी प्रकल्पातील धरणांपैकी एक. त्याच्या जलाशयाला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ आंबेगाव या पाण्याखाली गेले. या परिसरातील एका तरुणाने आय.टी.आय.मधून विजेचे काम शिकून दुरुस्तीचे छोटे दुकान थाटले होते. मोटारी, मिक्सर, देवळातले कर्णे असे जे येईल ते तो दुरुस्त करी. त्याचे चुलत आजोबा, ज्यांना सारा गाव ‘तात्या’ म्हणे, हे भजनी मंडळाचे मुख्य गायक. त्यांना पहाटे घरी रियाज करताना सुराची सोबत हवी म्हणून या तरुणाने विद्युत तानपुरा बनवण्याचे मनावर घेतले.

खऱ्या तानपुऱ्याची किंमत आणि निगा दोन्ही सामान्य भजनी मंडळाच्या आवाक्याबाहेरच्या. मिरजेचे कारागीर आजही पंढरपूर भागातल्या भोपळ्यांपासून तानपुरे घडवतात. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु ते वाद्य लावण्यासाठी तयार कान लागतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्याच्या तारा पुन्हा पुन्हा उतरतात. या अडचणीवर बंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांच्यासारख्यांनी इलेक्ट्रॉनिक उत्तर शोधले, आणि गेल्या काही दशकांत असे डबे घरोघरी पोहोचले. पुण्यातील तपकीर गल्ली किंवा मुंबईतील लॅमिंग्टन रोड येथून सुटे भाग आणून तसाच डबा घरी तयार करणे जाणकाराला अवघड नाही. एका मुख्य आंदोलकाने कंपने निर्माण करायची, त्यांना निरनिराळ्या संख्यांनी भागून षड्ज, पंचम, मध्यम मिळवायचे, आणि ते चार तारांच्या क्रमाने एकामागून एक वाजवायचे, अशी ही साधारण रचना.

तरुणाचा पहिला डबा वाजायला उत्तम होता, दिसायला मात्र नव्हता. मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात सारे मंडल बसवलेले. भोके खिळ्याने पाडलेली. बटणांखाली काहीच लिहिलेले नाही, कारण करणाऱ्याला सारे पाठ होते. घरी केलेल्या यंत्रांची हीच अवस्था सर्वत्र आढळते. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी विशाल रेडिओ दुर्बीण आहे, तेथे दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी परिसरातील विद्यार्थ्यांच्या प्रयोगांचे प्रदर्शन भरते. अशा प्रदर्शनांत नीट हिंडणाऱ्याला दिसते, की सुंदर चालणारे मंडल पुष्कळदा बुटांच्या खोक्यात बसलेले असते आणि जाणारा येणारा त्याच्यापाशी थांबत नाही.

हा डबा घेऊन तरुण मंचरच्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेला. शेठ स्वतः भजनाचे, स्तवनाचे शौकीन. शिवाय मंडळांना टाळ आणि समया त्यांच्याच दुकानातून जात. त्यांनी डोळे मिटून दोन मिनिटे सूर ऐकला, मग डोळे उघडून डब्याकडे पाहिले.

“आवाज गोड आहे रे,” ते म्हणाले. “पण हे मी गिऱ्हाइकापुढे ठेवलं तर तो विचारील, शेठ, यात लाडू आहेत का?”

“शेठ, आतलं काम पक्कं आहे.”

“आतलं काम तुला दिसतं, बाळा. त्याला पुढचा पत्रा दिसतो. तो पत्रा असा कर, की तू शेजारी उभा नसतानाही कुणाला काही विचारावं लागू नये. मग पाच आण. माझ्या दुकानात ठेवतो.”

पाच डब्यांचे भाग आणण्यासाठी तरुणाने पतसंस्थेतून आईच्या पाटल्यांवर कर्ज उचलले. म्हणजे आता हा केवळ छंद राहिला नव्हता.

दर्शनी पत्रा कसा असावा, याचा पहिला धडा त्याला एका जुन्या आठवणीतून मिळाला. शिकत असताना एका जलविद्युत केंद्राचे नियंत्रण फलक त्याने पाहिले होते. रात्रपाळीला पेंगुळलेल्या माणसाचाही हात चुकू नये अशी त्यांची मांडणी असते: प्रत्येक कळीखाली नाव, एका कामाच्या कळी एका गटात, आणि वीज ज्या क्रमाने वाहते त्याच क्रमाने फलकावरील रेषा. संगीताच्या यंत्रांतही हाच विचार मान्यता पावलेला आहे. अमेरिकेत १९७० साली आलेल्या मिनीमूग या प्रसिद्ध वाद्याच्या फलकावर स्वर निर्माण करणारा भाग डावीकडे, त्यांचे मिश्रण करणारा मध्ये, त्यांना आकार देणारा त्यापुढे आणि बाहेर पडणारा आवाज उजव्या टोकाला आहे. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्याचा हात आपोआप योग्य क्रमाने फिरतो. तरुणाने हाच क्रम धरला: डावीकडे पट्टीची मोठी तबकडी, मग प, म, नी यांपैकी पहिली तार निवडण्याची कळ, मग गती, मग आवाज, आणि शेवटी चालू-बंद.

त्यानंतर त्याने आलेख कागदावर खऱ्या मापाचे चित्र काढले, ते पुठ्ठ्यावर चिकटवून त्यावर बटणे नुसतीच टेकवली आणि तो पुठ्ठा तात्यांच्या हाती दिला. वृद्ध बोटांना दोन बटणांमध्ये किती जागा लागते, हे चित्रात समजत नाही. बटणांची केंद्रे ३० मिलिमीटरवर होती. ती ४० वर न्यावी लागली. पुठ्ठ्यावर केलेली दुरुस्ती फुकट पडते, पत्र्यावरची महाग पडते.

पत्रा घेतला तो २ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनिअमचा. चित्राचा कागद त्यावर डकवून प्रत्येक केंद्रावर पंचाने खूण केली, म्हणजे ड्रिल घसरत नाही. खाली लाकडी फळी ठेवून आधी ३ मिलिमीटरचे भोक, मग बटणाच्या मानेसाठी ७ मिलिमीटरचे. अ‍ॅल्युमिनिअम ड्रिलला चिकटते, म्हणून मध्ये मध्ये रॉकेलचा थेंब. भोकाच्या कडेला उठलेली धार मोठे ड्रिल हातानेच फिरवून काढली. नंतर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकाच दिशेने घासला, साबणाने धुतला आणि पुढे त्याला बोट लावले नाही. कारण बोटाचा तेलकट ठसा रंगाखालून महिन्याभराने वर येतो. अ‍ॅल्युमिनिअमवर साधा रंग टिकत नाही, तो पापुद्र्यासारखा सुटतो; म्हणून आधी त्या धातूला धरणारा प्रायमर आणि मग चकाकी नसलेल्या काळ्या रंगाचे तीन पातळ थर. जाड एका थरापेक्षा पातळ तीन थर केव्हाही बरे. मागच्या बाजूला मात्र एका स्क्रूभोवतीचा रंग खरवडून तेथे अर्थिंगची हिरवी तार कसली. २३० व्होल्टचा पुरवठा ज्या पेटीत येतो, तिचा धातूचा चेहरा जमिनीशी जोडलेला नसेल, तर त्याचे देखणेपण जीवावर बेतू शकते.

अक्षरांचा प्रश्न शेठजींनी सोडवला. भांड्यांवर नावे घालणारा त्यांचा वृद्ध कारागीर आयुष्यभर लग्नाच्या रुखवतातील ताटवाट्यांवर यंत्राच्या सुईने अक्षरे कोरत आला होता. काळ्या रंगावर त्याने सुई चालवली की रंग कापला जाऊन खालचा धातू चमके, आणि काळ्यावर रुपेरी अक्षर उमटे. छापील चिकटपट्टी घामाने सुटते. हे अक्षर सुटण्याचा प्रश्नच नव्हता. त्याची एक युक्ती मोठी मार्मिक होती. इंग्रजी अक्षरे रेषेवर बसतात, देवनागरी अक्षरे रेषेखाली लटकतात. म्हणून तो पोलादी पट्टी धरून आधी सर्व शब्दांच्या शिरोरेषा ओढून घेई आणि मग त्यांना अक्षरे टांगी. सारा फलक त्यामुळे एका ओळीत आल्यासारखा दिसे. चार मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर त्याने घालण्यास साफ नकार दिला. “मात्रा आणि काना एक होतात, आणि म्हातारी माणसं शिव्या देतात,” असे त्याचे म्हणणे.

मध्यंतरी एक मोहही येऊन गेला. गाड्यांच्या क्रमांकपट्ट्या कापणाऱ्या रेडियमच्या दुकानात कोणीतरी सुचवले, की एखाद्या नावाजलेल्या कंपनीचे नाव कापून फलकावर लावले तर डबा दुप्पट किमतीला जाईल. तरुणाने ही सूचना शेठजींच्या कानावर घातली. श्रावकाच्या अचौर्यव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाइतकीच ‘प्रतिरूपकव्यवहारा’ची, म्हणजे नकली वस्तू खऱ्याच्या नावाने खपवण्याची गणना केलेली आहे. शेठजींनी शास्त्र काही सांगितले नाही. ते एवढेच म्हणाले, “तुझं नाव काय वाईट आहे?” फलकाच्या उजव्या कोपऱ्यात कारागिराने एकच शब्द कोरला: ‘डिंभे’.

पाच डबे तयार झाले. त्यांतली सर्वांत देखणी गोष्ट पट्टीची तबकडी होती. खालच्या पांढरी पाचपासून वरच्या पांढरी पाचपर्यंत एका सप्तकाच्या तेरा खुणा, घड्याळाच्या तबकडीसारख्या अगदी सारख्या अंतरावर, आणि बरोबर मध्यभागी, बारा वाजण्याच्या जागी, ‘काळी एक’. दोन्ही टोके तरुणाने हार्मोनियमशी ताडून पाहिली होती; दोन्ही बिनचूक होती. चार डबे शेठजींच्या दुकानी गेले व महिन्याभरात त्यांतले तीन विकले गेले. पाचवा तात्यांच्या देवघरात विराजमान झाला.

तात्या जन्मभर काळी एकमध्ये गात आले होते. त्यांनी काटा त्या खुणेवर आणला आणि पहाटेचा रियाज सुरू केला. दोन-तीन आठवड्यांतच त्यांच्या लक्षात आले, की वरच्या सप्तकातला गंधार पूर्वीसारखा लागत नाही. घसा लवकर शिणतो, आवाज फाटतो. त्यांनी कोणाला सांगितले नाही. वय त्र्याहत्तर होते, कारण शोधण्याची त्यांना गरजच वाटली नाही. आषाढीच्या तोंडावर त्यांनी मंडळींना बोलावून शांतपणे सांगितले, की यापुढे मुख्य गायकाची जागा दुसऱ्याने घ्यावी. आपण मागे बसून टाळ धरू.

पेटीवाले बुवा त्यांची समजूत घालायला घरी आले, ते योगायोगाने रियाजाच्याच वेळी. दारातच थबकून त्यांनी विचारले, “तात्या, पांढरी दोनमध्ये का गाताय?”

“काळी एक आहे. वर लिहिलंय की.”

बुवांनी पेटी मागवली. डब्यातला सूर खरोखरच पांढरी दोनचा होता. तात्या महिनाभर आपल्या पट्टीच्या अर्धा स्वर वर गात होते, आणि तो अर्धा स्वर ते आपल्या वयाच्या खात्यावर मांडत होते.

तरुणाने त्या रात्री डबा उघडला, तेव्हा मंडलात काहीच बिघाड सापडला नाही. त्याने कंपने मोजली: खालच्या टोकाला सेकंदाला ९८, वरच्या टोकाला १९६, नेमकी दुप्पट. मध्यभागी मात्र १४७. आणि काळी एकला हवीत सुमारे १३८.६. टोके खरी असून मध्य खोटा कसा, याचा उलगडा त्याला होईना. तो डबा घेऊन तो दुसऱ्या दिवशी मंचरला गेला. शेठजींनी आकडे ऐकले, बिलबुकाचे एक पान उलटे केले आणि त्यावर दोन स्तंभ ओढले.

“शंभर रुपये बारा महिन्यांत दुप्पट व्हायचे आहेत,” ते म्हणाले. “सरळव्याजाने दर महिन्याला आठ रुपये तेहतीस पैसे वाढतील. सहा महिन्यांनी किती?”

“दीडशे.”

“आणि चक्रवाढीने? तेही बारा महिन्यांनी दुप्पटच. पण सहाव्या महिन्याला एकशे एक्केचाळीस रुपये बेचाळीस पैसे. सुरुवात एक, शेवट एक, मधला हिशेब वेगळा. तुझं यंत्र सरळव्याजाने चढतंय. सूर कसे चढतात?”

सूर चक्रवाढीने चढतात. सप्तकातील बारा स्वरांपैकी प्रत्येक स्वराची कंपने मागच्यापेक्षा सुमारे ५.९५ टक्क्यांनी अधिक असतात, आणि बाराव्या पायरीला मुद्दल दुप्पट होते. तरुणाच्या मंडलात बटण जितके फिरेल तितकीच कंपने सारख्या संख्येने वाढत होती. ९८ ची दीडपट १४७, म्हणजे मध्यावर पांढरी पाचचा पंचम वाजत होता. आणि त्या जागी तबकडीवर मात्र सौंदर्यासाठी ‘काळी एक’ कोरलेले होते. खोटे बोलत होता तो केवळ दर्शनी पत्रा.

या अडचणीला मोठ्या माणसांनाही उत्तर शोधावे लागले होते. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास आपल्या पहिल्या सिंथेसायझरमध्ये अशी योजना केली, की एक व्होल्ट वाढला की सूर नेमका एक सप्तक चढावा. म्हणजे चक्रवाढीचा हिशेब यंत्रानेच आत करावा आणि फलकावरच्या खुणा सारख्या अंतरावर राहाव्यात. ते मंडल तापमानाने हलते व त्यास खर्चही अधिक. तरुणापुढे दुसरा मार्ग होता: आतले काम तसेच ठेवून चेहरा खरा करायचा.

परंतु त्यापूर्वी विकलेल्या तीन डब्यांचे काय, हा प्रश्न उरला होता. तरुण म्हणाला, की घेणाऱ्यांची काही तक्रार आलेली नाही. पाटल्यांवरच्या कर्जाचा हप्ता त्याच्या डोळ्यांपुढे होता, हे उघड आहे. शेठजींनी दुकानातल्या तराजूकडे बोट केले. १९५६ च्या मापांच्या कायद्यानंतर शेरमण जाऊन किलोग्रॅम आले, तेव्हापासून त्यांच्या पेढीवर वजनांची पडताळणी होऊन शिक्का मारून घेण्यात खंड पडला नव्हता.

“गिऱ्हाइकानं तक्रार केली म्हणून कुणी वजन तपासतं का?” ते म्हणाले. “त्याला कळत नाही, म्हणून तर शिक्का आपण मारून घ्यायचा. तात्यांनी तरी कुठे तक्रार केली होती?”

त्याच आठवड्यात शेठजींनी तिन्ही गिऱ्हाइकांना निरोप धाडून डबे परत मागवले. नवे पत्रे, रंग आणि कारागिराची मजुरी यांचा निम्मा भार त्यांनी उचलला. देखण्या तबकडीचा आग्रह आपलाही होता, असे त्यांनी वहीत लिहिले नाही, पण निम्मी रक्कम स्वतःच्या नावे टाकली.

नव्या फलकाच्या वेळी क्रम उलटा झाला. आधी डबा अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ दिला, कारण थंड मंडलाचा सूर आणि तापलेल्याचा सूर एक नसतो. मग कोऱ्या पत्र्यावर बटण फिरवत प्रत्येक स्वर पेटीशी आणि मोजणीच्या यंत्राशी जुळवला, आणि जेथे स्वर लागला तेथे पेन्सिलीने टिंब दिले. प्रत्येक डब्याची टिंबे थोडी निराळी आली. म्हणून प्रत्येकाचा पत्रा स्वतंत्र कोरला. आता खुणा डावीकडे दाटीने व उजवीकडे विरळ दिसू लागल्या. काळी एक मध्यावरून सरकून डावीकडे गेली. वृद्ध कारागिराला ही तबकडी मुळीच आवडली नाही. चंद्रकोर वाकडी काढल्यासारखे त्याला वाटे. तरी त्याने ती कोरली, आणि खुणा वेगळ्या असल्या तरी शिरोरेषा मात्र एका ओळीत ठेवल्या.

व्यवसायाच्या दृष्टीने हिशेब मांडायचा तर पहिल्या पाच डब्यांत तरुणाच्या हाती फारसे काही उरले नाही. पाटल्या सोडवायला आणखी आठ महिने लागले. पुढे मंडळांकडून मागणी येत राहिली, ती बहुतेक एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. दुकानात कोणी खुणांच्या असमान अंतराबद्दल विचारले, तर शेठजी बिलबुकाचे पान उलटे करून दोन स्तंभ ओढत, आणि व्यापारी गिऱ्हाइकाला ते लगेच पटे.

तात्यांचे म्हणाल तर, काटा खऱ्या काळी एकवर आल्यावर त्यांचा गंधार पुन्हा पूर्वीसारखा लागू लागला, असे मात्र झाले नाही. वय होतेच, वरचे काही स्वर खरोखरच गेलेले होते. पण किती गेले आणि किती राहिले हे आता त्यांना ठाऊक झाले होते. आषाढीला ते मुख्य गायकाच्याच जागी बसले. तारसप्तकातले चरण त्यांनी मागच्या मुलांना दिले आणि बाकीचे सारे स्वतः गायले.